पाहुणीचं फडकं

घडीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता गल्लीत कुणी उरलेलं नाही. लाँड्रीच्या टेबलामागे उभा राहून माणूस जन्मभर घड्याच घालत राहिला, तर लोक दुसरं काय म्हणणार? गिऱ्हाइकाची रिकामी पिशवीसुद्धा ते घडी घालून परत देत. स्वतःच्या शर्टावर डाग तर सोडाच, सुरकुतीही खपत नसे. गल्लीतल्या बायका नवऱ्यांना सुनवायच्या, "बघा जरा त्या घडीकाकांकडे!" त्यामुळे गल्लीतले निम्मे नवरे त्यांना पाण्यात पाहायचे.

अशा माणसाच्या घरात कुत्री शिरली ती बायकोमुळे. मुलगी लग्न होऊन लांब गेली, घर खायला उठलं, तेव्हा काकूंनी शेल्टरमधून एक कुत्रं सांभाळायला आणलं. सांभाळायला म्हणजे पाळायला नव्हे. कुणी कायमचं घर देईपर्यंत ठेवायचं, माणसांची सवय लावायची आणि द्यायचं. काका आधी खूप कुरकुरले, मग म्हणाले, "ठीक आहे. पण नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की अडकलो आपण." म्हणून जो येईल तो पाहुणा आणि येईल ती पाहुणी.

काकूंचा एक नेम होता. कुत्रं ज्या फडक्यावर झोपायचं, ते फडकं तसंच, न धुता, त्याच्याबरोबर नव्या घरी पाठवायचं. "तिथे सगळंच परकं. ओळखीचं एक तरी काही नको का त्याला?" असं त्या म्हणायच्या. काका तेवढा वेळ तोंड फिरवून उभे राहायचे. लाँड्रीवाल्याच्या घरातून असलं केसाळ, कुबट चिंधूक बाहेर जावं, हे त्यांना बघवत नसे.

यंदाची पाहुणी तपकिरी होती, एक कान मुडपलेला. कुठल्याशा बंद पडलेल्या बांधकामावर साखळीला बांधलेली सापडली होती. आली ती थेट इस्त्रीच्या टेबलाखाली घुसली. कुणी हात वर केला की जमिनीला चिकटायची. काका कपड्यांवर पाणी शिंपडायचे, तर त्या थेंबांनाही लटलटा कापायची. मग काका दर वेळी आधी खाली वाकून सांगू लागले, "पाणी मारतोय हं, बाई." गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. एक दिवस तिने त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि झोपून गेली. तेव्हापासून काका तो पाय न हलवता इस्त्री करायला लागले. संध्याकाळी पाय धरायचा, काकू तेल चोळून द्यायच्या आणि म्हणायच्या, "नाव ठेवायचं नाही म्हणे!"

तिला मागणी आली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई मोठी भली. दवाखाना उरकून यायची आणि काही न बोलता टेबलाशेजारी फरशीवर बसून राहायची. अखेर पाहुणीने तिचा हात चाटला आणि ठरलं.

काकूंचे डोळे भरून आले. "ठेवून घेऊ या का हो हिला?"

"आणि तिकडे पिंजऱ्यात पुढचं कुत्रं वाट बघतंय, त्याने कुठे जायचं? एक ठेवलं की आपलं दार बंद." बोलले खरं, पण बोलताना वाकून पाहुणीचा मुडपलेला कान कुरवाळत राहिले.

पाहुणीला द्यायच्या आदल्या संध्याकाळी काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी ते फडकं उचललं. डॉक्टरीणबाईंचं घर, त्यांचा तो पांढराशुभ्र कोट, आणि आपल्या पाहुणीने हे घेऊन जायचं? लोक काय म्हणतील तिला? गरम पाणी, दुप्पट साबण, वर कडक इस्त्री. चौकोनी घडी घालून त्यांनी ते कागदात बांधलं, सुतळी मारली. प्रेमापोटीच केलं सगळं, हेच तर वाईट. सकाळी काकूंना वाटलं, मळ झाकायला बांधलं असेल. त्यांनी पुडकं न उघडता देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा रडत फोन आला. "रात्रभर दाराशी उभी होती हो. सकाळी दार उघडलं आणि हातातून निसटली."

"फडकं दिलं होतंत ना जवळ?" काकूंनी विचारलं.

"दिलं ना. हुंगलं आणि बाजूला झाली. इतकं छान धुतलेलं, इस्त्री केलेलं..."

काकूंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर काका सुटले असते.

"अगं, मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं ते," एवढंच म्हणून त्या चपला घालू लागल्या.

पाहुणी दिसली ती डॉक्टरीणबाईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेत. तिथे सिमेंटचे मोठे पाइप पडले होते, त्यातल्या एकात ती शिरून बसली होती. काकूंनी हाक मारली तशी आणखी आत सरकली. पलीकडेच ट्रकांचा रस्ता. शेल्टरवाल्या ताईंनी बजावलं, "कुणी हाका मारू नका, मागे धावू नका. घाबरून त्या बाजूने सुटली तर संपलंच. घरात अंगावरचं, न धुतलेलं काही आहे का? वासावर येईल कदाचित."

हे विचारलं कुणाला, तर घडीकाकांना! उभ्या गल्लीत घरोघरी कपड्यांचे ढीग पडलेले असतात. यांच्या घरात एक मळकं कापड सापडेना. चादरी धुतलेल्या, काकूंचे कपडे दोरीवर, दुकानात होते ते सगळे परक्यांचे. घरभर नुसता साबणाचा वास. काका पलंगावर बसले आणि त्यांनी डोकं धरलं. आयुष्यभर जी गोष्ट मिरवली, तीच अशी अंगावर आली होती.

मग त्यांनी अंगातला शर्ट काढलाच नाही. त्यातच झोपले, त्यातच इस्त्रीच्या वाफेत उभे राहिले. कॉलर काळी पडली, पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटले. "काका, तब्येत बरी आहे ना?" गिऱ्हाइकं विचारायची. निम्म्या नवऱ्यांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काका मान खाली घालून कपडे देत राहिले. तिकडे डॉक्टरीणबाई पाइपापाशी खाणंपाणी ठेवून लांब उन्हात बसून राहायची. दवाखाना बंदच होता तिचा.

शेवटी एका दुपारी काका काकूंना घेऊन तिथे गेले आणि त्यांना लांब डॉक्टरीणबाईंपाशी थांबवलं. शर्ट काढला. हात सवयीने घडी घालायला लागले, मध्येच थांबले. त्यांनी शर्टाचा बोळा केला, पाइपाच्या तोंडाशी टाकला आणि नुसत्या बनियनवर, पाठ करून जमिनीवर बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. ट्रक जात होते, प्रत्येक हॉर्नला त्यांचा जीव वरखाली होत होता. न राहवून ते हळूच म्हणाले, "पाणी मारतोय हं, बाई."

मागे कापड ओढल्याचा आवाज आला. मग नखांचा. आणि मग त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली गेली. काका तिथे बसून ढसाढसा रडले. काकूंनी त्यांना असं रडताना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई लांबूनच म्हणाली, "काका, घेऊन जा तिला. ती तुमचीच आहे."

काकांना हो म्हणायचं होतं. जीव तुटून म्हणायचं होतं. पण त्यांनी उन्हाने काळवंडलेल्या त्या बाईकडे पाहिलं, बंद दवाखाना आठवला, शेल्टरमधला पिंजरा आठवला. ते उठले, शर्ट उचलला आणि पाहुणीला घेऊन डॉक्टरीणबाईंच्याच घरात शिरले. फरशीवर बसून राहिले. पाहुणी शर्टात नाक खुपसून झोपली, तेव्हा त्यांनी पाय अलगद काढून घेतला.

"हा शर्ट धुऊ नका," दारात त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

भर दिवसा, बनियनवर, ते गल्लीतून चालत घरी आले. कुणीही हसलं नाही. काकूंनी धुतलेला शर्ट पुढे केला, तो त्यांनी घातला. मग त्यांच्या पँटीवर चिकटलेले तपकिरी केस पाहून काकू म्हणाल्या, "ती पँट काढून द्या, भिजत घालते."

"नको," काका म्हणाले. "ती राहू दे तशीच."

काकांनी ती बदलल्यावर काकूंनी पँट घेतली आणि घडी न घालता खुंटीला अडकवली.