साखळीचं जॅकेट

लेकराला बोटीत बसवताना समोरचं नारिंगी जॅकेट तुम्ही कधी ओढून पाहिलं आहे का? खरं सांगा. फोटो काढला असेल, ओढून नसेल पाहिलं.

अंकुश नागदेवेनंही पाहिलं नव्हतं, आणि त्याची तर नोकरीच ती होती.

सौंसरहून रामाकोन्याकडे निघालं की संत्र्याच्या बागांत विजय धोटे नावाच्या व्यापाऱ्याचं शेततळं लागतं. बागेला पाणी द्यायला खोदलेलं. खाली काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, काठ सरळ उतरते, पाणी दोन पुरुष खोल. एका वर्षी विजयभाऊ कुठं तरी फिरून आला, बोटिंग पाहून आला, आणि त्याच तळ्यात त्यानं पायडलच्या बोटी सोडल्या. एकीला बदकाचं तोंड. गेटवर पाटी लागली, ‘ऑरेंज जलविहार’. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेड्याहून लोक येऊ लागले. सुट्टीच्या दिवशी तिथं इतकी गर्दी, की बदकावर बसायला भांडणं.

अंकुश बोरगावचा. संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायचा, एरवी मिळेल ते काम. विजयभाऊनं त्याला बोलावलं, वरून खाली पाहिलं आणि एक लाल टीशर्ट हातात दिला. पाठीवर इंग्रजीत लाइफगार्ड छापलेलं. गळ्यात शिट्टी अडकवली. पव्हता येते का, हे त्यानं विचारलं नाही आणि अंकुशनं सांगितलं नाही. डोक्यावर पेट्या वाहण्यापेक्षा झाडाखाली उभं राहणं बरं, एवढंच त्याच्या मनात. यात चूक त्याचीही आहे, ती झाकायची नाही.

पण त्याला पोहता का येत नव्हतं, तेही ऐका. त्याच्या आज्याच्या काळी गावच्या विहिरीजवळ त्यांच्या वस्तीतल्या माणसाला उभं राहू देत नव्हते, तिथं उडी कोण मारू देईल? तीच धास्ती बापानं पोराला दिली. तो म्हणायचा, “पाणी आपलं नसते, बापू. घागर भर अन् निघ.” गावातली बाकीची पोट्टी पाठीला डबा बांधून विहिरीत धडाधड उड्या मारायची. अंकुश काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचा. आता विहिरी सगळ्यांना खुल्या आहेत असं म्हणतात. पण भीती वारशानं येते. तिच्यासाठी जमिनीच्या खसऱ्यावर नाव चढवावं लागत नाही.

आता त्या जॅकेटांचं सांगतो. कोरी होती, चांगली होती. पण प्रत्येकाच्या पट्ट्यातून बारीक साखळी ओवलेली आणि ती बोटीच्या सीटला कुलूप लावून अडकवलेली. पाणपोईवर ग्लास बांधतात ना, तशी. साखळी इतकी आखूड की जॅकेट अंगात चढतच नव्हतं. मांडीवर घ्यायचं, छातीशी धरायचं, फोटो काढायचा. शिकलेसवरलेले लोक बसायचे, शिक्षक बसायचे, कचेरीतले साहेब बसायचे. बोट उलटली तर हे जॅकेट कोणाला वाचवेल, बोटीला की आपल्याला, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. चोरीला जाऊ नये म्हणून बांधलं असेल, बरोबरच आहे, असं म्हणून सगळे गप.

एका रविवारी पांढुर्ण्याहून ऋतुजा नावाची एक बाई नणंदेसोबत आली. बोट काठाला लागत होती. ऋतुजा सेल्फीसाठी उभी झाली, बोट कलली, बाई पाण्यात. काठ हातभर लांब. तिनं हात टाकला, पन्नीवर शेवाळ, हात घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तोंडात पाणी, केस डोळ्यांवर. जॅकेट तिकडं बोटीत साखळीला लोंबकळत होतं.

अंकुशनं शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. वाजवतच राहिला.

बाईला काढलं ते तिच्या नणंदेनं. पूनम तिचं नाव. ती काठावर पालथी पडली, दोन बायांनी तिचे पाय धरले, तिनं ओढणी फेकली, ऋतुजानं ती पकडली आणि खेचत खेचत वर आली. खोकून झाल्यावर तिनं अंकुशच्या लाल टीशर्टकडं पाहिलं.

“तुमी काय करून राहिले होते?”

उत्तर विजयभाऊनं दिलं. “त्यानं शिट्टी वाजवली ना, ताई.”

मग त्यानं तिला संत्र्याचा रस पाजला, आणि रस संपायच्या आत तीच बोट दुसऱ्यांना घेऊन पाण्यात गेली. लोक पुन्हा रांगेत. एका बाप्यानं लेकराला सांगितलं, नीट बस, नाहीतर त्या बाईसारखी पडशील. थुंकावं तरी कोणाकोणावर?

घरी येऊन अंकुशनं टीशर्ट कोपऱ्यात फेकला. ताटावर बसला. त्याची बायको मोनाली रामाकोन्याची, कन्हान नदीच्या काठावर वाढलेली. तिनं विचारून विचारून सगळं काढून घेतलं. आधी तिला हसू आलं, मग तिचा चेहरा बदलला.

“तुमाले पव्हता येत नाही, हे विजयभाऊले माहीत आहे?”

“कोणी विचारलंच नाही.”

“मंग तुमी काहून नाही सांगितलं?”

अंकुशनं ताट बाजूला सरकवलं.

“उद्या माहेरी चाला,” मोनाली म्हणाली. “नदीत उतरा. नाही उतरले, तर या लाल कापडाचं मी पोतेरं करीन.”

कन्हानच्या डोहाशी, वाळूच्या कडेला जिथं पाणी छातीएवढं, तिथं तिनं नवऱ्याला उभं केलं. धुणं धुणाऱ्या बायांना बसल्या जागी तमाशा मिळाला. एकीनं विचारलं, “काहो जावई, आंघोळ घालून राहिली का मोनाली?” अंकुशचे कान तापले, तो निघायला लागला. मोनालीनं हात सोडला नाही.

“तोंड पाण्यात घाला अन् फुंका,” ती म्हणाली. “शिट्टी फुंकता येते ना तुमाले?”

तिथून सुरुवात झाली, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. श्वास वर घ्यायचा, पाण्यात सोडायचा. ते जमल्यावर उताणं पडणं. मान मागं टाका, कान बुडू द्या, छाती वर राहू द्या. अंकुश दगडी पाट्यासारखा ताठ होऊन बुडायचा, नाकातोंडात पाणी घेऊन उठायचा, शिव्या घालायचा. पाण्याशी भांडू नका, ते तुमच्याशी भांडून नाही राहिलं, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची. एका सकाळी तो पडून राहिला, कान बुडालेले, वर नुसतं आभाळ, आणि पाठीखाली तिचा हात आहे असं समजून निवांत होता. मान वळवून पाहिलं तर मोनाली काठावर पदर पिळत होती. पाणी त्याला धरून होतं. बापानं ज्याच्यापासून जन्मभर लांब ठेवलं, ते पाणी.

मग कमरेला वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे बांधून पाय मारणं. गुडघ्यातून नाही, मांडीतून. मग एक तुंबा कमी, मग दुसराही. डोह आडवा पार करायला लागला तेव्हा मोनालीनं शेवटची गोष्ट सांगितली. बुडणाऱ्याच्या अंगावर उडी टाकायची नाही, तो गळ्याला मिठी मारून तुम्हालाही नेतो. आधी काही तरी फेकायचं. दोर, ओढणी, ट्यूब, हाती लागेल ते. पूनमनं न शिकता तेच केलं होतं. हे ऐकून अंकुशला स्वतःची पुन्हा शिसारी आली.

तो विजयभाऊकडे गेला. जॅकेटांच्या साखळ्या काढा म्हणाला. काठावरून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा, म्हणजे पडलेला धरून चढेल. दोरांची गोष्ट विजयभाऊला कशीबशी पटली. जॅकेटांची नाही.

“चोरून नेतात, अंकुश. इथले लोक तुले माहीत नाहीत?”

“इथले म्हंजे कोण, भाऊ?”

विजयभाऊनं नजर वळवली आणि फोन कानाला लावला. फोन वाजलाही नव्हता.

रविवारी गेट उघडायच्या आत अंकुशनं पक्कड घेतली आणि सगळ्या साखळ्या तोडल्या. आलेल्या माणसाला जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्यापाशी वर ओढून पाहिल्याशिवाय बोटीत चढू दिलं नाही. लोक वैतागले, गरम होते म्हणाले, साडी चुरगळते म्हणाले. संध्याकाळी सगळी जॅकेटं मोजून जागेवर. एकही गेलं नव्हतं. विजयभाऊनं ती पाहिली, आणि तरी टीशर्ट आणि शिट्टी काढून घेतली.

पुढं त्यानं काय केलं? नवी साखळी लावली, आधीपेक्षा लांब. आता जॅकेट अंगात घालता येते आणि माणूस बोटीला बांधलेला राहतो. मेंदूला कुलूप लागलं की असं सुचते.

अंकुश आता गेटबाहेर रस्त्यावर उभा राहतो. येणाऱ्याला सांगतो, पट्टा ओढून पाहा. काही जण ऐकतात. बाकीचे त्याला नोकरी गेलेला खुळा समजून हॉर्न वाजवतात.

तेव्हा एवढं करा. बोट इथली असो की कुठलीही, लेकराला बसवायच्या आधी जॅकेट हातात घ्या आणि जोर लावून ओढा. साखळी लागली तर चढू नका, रांगेतल्या बाकीच्यांनाही चढू देऊ नका. आणि लेकराला पव्हणं शिकवा. तुम्हाला येत नसेल तर आधी तुम्ही पाण्यात उतरा.