स्कॉटिश सरांचे गोल

आमच्या संस्थेच्या चेअरमनना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण पाहुण्यांना दाखवायला त्यांना सतत काहीतरी नवीन लागायचं. आधी घोडे आणले. मग पोहण्याचा तलाव बांधला, त्यात पाणी काही टिकलं नाही. त्यानंतर त्यांनी स्कॉटलंडहून एक माणूस आणला.

साताऱ्याजवळच्या कोरेगावच्या बाहेर, उसाच्या शेतांमध्ये आमची निवासी शाळा आहे. मी तिथं इंग्रजी शिकवते, म्हणून त्या माणसाचं बोलणं मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साठीकडे झुकलेला, एका पायानं लंगडणारा, उन्हानं लालबुंद झालेला गृहस्थ. पुण्याहून आणताना गाडीत त्यानं मला स्वतःची सगळी हकिकत सांगितली. बाप गोदीत कामाला. हा शाळा सोडून गावच्या क्लबात शिरला. खेळायचा राईट विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेनं बॉल घेऊन पळायचं आणि आतल्यांना द्यायचा. पण हा देत नसे, स्वतःच गोल मारायचा, आणि भरमसाट मारायचा. ते खोटं नव्हतं, मोबाईलमध्ये जुन्या कात्रणांचे फोटो होते. मग एका मोठ्या क्लबनं त्याला विकत घेतलं आणि अख्खा हंगाम बाकावर बसवलं. तिथून परत लहान गावांत आला, पुन्हा गोलांचा रतीब. मग गुडघा गेला. पुढं दारूचा गुत्ता चालवला, मग टॅक्सी, आणि आता आम्ही. देशाकडून एकदाही खेळलो नाही, हे त्यानंच सांगितलं. त्या दोन-तीन तासांत मला तो बरा माणूस वाटला होता.

दुसऱ्याच दिवशी सत्कार झाला. चेअरमननी त्याला फेटा बांधला आणि माईकवर म्हणाले, "दोन वर्ल्डकप गाजवलेला खेळाडू आपल्या मातीत आलाय!" मी त्याच्या कानाशी लागून ते इंग्रजीत सांगितलं. आता हा दुरुस्ती करेल म्हणून माईककडे हातही केला. त्यानं फेटा सारखा केला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना हात हलवला. तिथंच तो माझ्या मनातून उतरला.

सराव म्हणजे काय, तर हा छत्रीखाली खुर्ची टाकून बसायचा, पोरं मांडी घालून समोर, आणि मी भाषांतराला उभी. तो आपले गोल सांगायचा: मी असा झुकलो, समोरचा तसा पडला, मी मारला. रोज तेच. एकदा कंटाळून मीच विचारलं, "सर, तुम्हाला बॉल द्यायचं कोण?"

"मधला एक जण."

"नाव काय त्याचं?"

त्यानं कपाळ चोळलं. समोरच्या संघांच्या गोलकीपरांची नावं त्याला तोंडपाठ होती. किती तरी वर्षं ज्यानं पास दिले, त्याचं नाव काही आठवेना. "चांगला होता बिचारा," एवढंच म्हणाला आणि पुढचा गोल सांगायला लागला.

त्याच्या शिकवणीचा परिणाम सांगलीला झालेल्या शाळांच्या सामन्यात दिसला. ज्याच्या पायात बॉल येईल तो थेट गोलकडे सुटायचा. आमचीच दोन पोरं एकमेकांकडून बॉल हिसकावताना पाहिली, तेव्हा समोरच्या शाळेचे पालकही हसायला लागले. पास देणारा एकच होता, माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला, मध्ये खेळणारा. तो देत राहिला, बाकीचे घालवत राहिले. आम्ही सपाटून हरलो.

सामना संपल्यावर सगळ्यांसमोर हा त्याच पोरावर घसरला. जे बोलला त्यात निम्म्या शिव्याच होत्या. पोरानं माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, काय म्हनत्यात सर?"

"हे मी मराठीत सांगणार नाही," मी त्या माणसाला इंग्रजीत म्हणाले. "तुम्हाला सांगायचंच असेल तर तुमच्या तोंडानं मराठीत सांगा."

इतक्या महिन्यांत त्याला मराठीतला एकच शब्द आला होता. तोच तो ओरडला, "पळ! पळ!"

"कुटं पळू सर?" पोरानं विचारलं. सगळी टीम खोखो हसली. हा लंगडत गाडीत जाऊन बसला.

चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. "आवं मॅडम, तुमी फकस्त भाषांतर करायचं. मोठी मान्सं हायत ती."

"कशानं मोठी?"

"फोटो लय भारी येत्यात त्यांचं," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. हरलेल्या सामन्याची बातमी आली होती, त्यात चेअरमन आणि त्या माणसाचा फोटो होता, आणि ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लागलंही होतं. त्या महिन्यात शाळेत फुटबॉल अकादमी काढून त्याला तिचा संचालक केलं. मी भाषांतर सोडलं. माझ्या जागी चेअरमनचा पुतण्या आला. त्याला त्या माणसाचं एक अक्षर कळत नसे, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं.

उन्हाळ्यात हा गोव्यातल्या कुठल्याशा अकादमीत निघून गेला. निरोपाच्या भाषणात स्वतःचेच गोल सांगताना त्याचे डोळे भरून आले. पुतण्यानं मराठीत सांगितलं, "सरांना साताऱ्याची हवा आवडली."

तो मधला पोरगा दहावीनंतर दोनेक वर्षांनी सैन्याच्या भरतीत निवडला गेला. जायच्या आधी शाळेत पेढे घेऊन आला होता. चेअरमन त्याला ओळखू शकले नाहीत. पेढा मात्र त्यांनी घेतला, आणि फोटोग्राफर कुठं गेला म्हणून विचारलं.