केंद्रे मॅडम आणि डावा कप्पा

केंद्रे मॅडम माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर पाहत. आधी छातीचा पिंजरा बघत. नांदेडच्या कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी मला खांद्यापासून कमरेपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुझा डावा कप्पा उभा असणार. चिंचोळा. बस."

डावा कप्पा म्हणजे हृदयाचा डावा अलिंद. फुप्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त जिथं उतरतं तो. मॅडमची अख्खी नोकरी त्याच्यामागे गेली. बुटक्या, रुंद बांध्याच्या माणसात तो आडवा पसरतो, उंच सडपातळ माणसात उभा राहतो, असं त्या शिकवत आणि लगेच बजावत, "पण देह पुस्तक वाचून जन्माला येत न्हाई."

विच्छेदनाआधी त्या देहाच्या बंद छातीवर तळहात ठेवत, आत काय आकार सापडेल ते मोठ्यानं सांगत, मगच सुरी घेत. अंदाज चुकला की खूश होत. मृताला म्हणत, "फसवलंस बघ मला." फॉर्मलिनच्या वासात, भर दुपारीसुद्धा, अंगावर काटा यायचा, कारण एवढं बोलून त्या उत्तराची वाट पाहत थांबायच्या.

एका सकाळी टेबलावर देहदानातून आलेला एका बाईचा देह होता. चेहरा रीतीप्रमाणे झाकलेला. बाई उंच, काटकुळी. कप्पा चिंचोळाच असणार, असं मुलांनी सांगून टाकलं. मॅडमनी हात ठेवला नाही. त्या वाकल्या आणि त्यांनी त्या थंडगार छातीला कान लावला. बराच वेळ त्या तशाच होत्या. पंख्याचा तेवढा आवाज. एक मुलगी रडायलाच लागली.

"लई मोठा हाय," मॅडम सरळ होत म्हणाल्या. पण तो आवाज त्यांचा नव्हता. घोगरा, बसलेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

छाती उघडली. आतली झडप आवळून गेली होती आणि रक्त तुंबून तुंबून डावा कप्पा इतका फुगला होता, की हृदयाच्या पाठीला दुसरं हृदय चिकटवल्यासारखं दिसत होतं. मॅडमनी सगळं समजावून दिलं. असा कप्पा आवाजाच्या नसेवर दाब आणतो आणि माणसाचा आवाज बसतो, हेही सांगितलं. त्याच घोगऱ्या आवाजात.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

हात धूत त्या म्हणाल्या, "माझी थोरली बहीण हाय ती. अक्का. लहानपणी जळकोटला तिच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचे. आत घुरघुर चालायची. 'अक्का, तू मांजर गिळलीस काय गं?' म्हणून विचारायचे. पुढं तिचा आवाजच गेला. देह दे म्हणून मीच सांगितलं तिला."

"मग हे टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं!"

"दुसऱ्यानं तिला कसं हाताळलं असतं, कुणाला ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता.

निवृत्तीनंतर त्या लातूरला मुलाकडे राहिल्या. तिथंही गावोगाव जाऊन देहदानाचं सांगत. कितीतरी घरांनी त्यांचं ऐकलं. मागच्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. मी चक्रावलेच.

"अहो, आणि देहदान?"

"आईनंच नको म्हटलं," तो म्हणाला. "म्हणाली, नांदेडला माझी पोरगी हाय. माझा देह तिथं गेला तर ती दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई. मी ते केलंय, तिच्यावर ती पाळी नको. मला सरळ जाळा."

मग त्यानं विचारलं, "ती पोरगी तुम्हीच ना?"

मी मान डोलावली आणि चपला काढून तिरडीपाशी गेले.