काळ्या बाटल्याला तेल

रेवसच्या धक्क्याजवळ लाँच दुरुस्तीची एक शेड होती. स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी मी तिथे गॅस वेल्डिंगला लागलो आणि पुढे आयुष्यभर तेच केलं. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाला भाजू दिलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण त्या शेडमधल्या अपघाताची जी गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, ती खोटी आहे. आमच्या वेल्डिंगच्या मिस्त्रींनी बिडी पेटवली म्हणून भडका उडाला, अशी ती गोष्ट.

मिस्त्री आतल्या भातशेतीच्या गावचे, काम मुंबईच्या गोदीत शिकलेले. डिझेलची टाकी पाण्याने भरल्याशिवाय तिला ज्योत लावू देत नसत. बिडी ओढत, पण शर्ट बिडीकाड्यांसकट शेडबाहेरच्या खिळ्याला टांगून मगच आत येत. वेल्डिंगची टॉर्च पेटवायला चकमक वापरत.

आमचं घर मासेमारीचं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड बघता बघता लाल होतं, म्हणून संध्याकाळी कोयत्यापासून होडीच्या नांगरापर्यंत सगळ्यावर तेलाचा बोळा फिरवायचा, ही आईची शिस्त. शेडमधले नट खोलायचे पाने मी तसेच पुसायचो. मिस्त्रींची त्याला हरकत नव्हती. फक्त ऑक्सिजनच्या काळ्या बाटल्याकडे, म्हणजे सिलिंडरकडे, बोळा वळला की ते थांबवायचे.

"आरं, तो काय पापलेट हाय चोळायला? तेल लांब ठेव."

"आटे गंजलेत मिस्त्री. नट फिरत न्हाय."

"कोरड्या फडक्यानं पूस. दाबातल्या ऑक्सिजनला तेल भेटलं की काडी लागत न्हाय, आपसूक पेटतं."

"मग आमची तेल पाजलेली होडी कवाच जळायला पायजे होती."

"तुझी होडी ऑक्सिजनवर चालते काय रं?"

शेडमधले सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते पटलं नव्हतं. शेतातल्या माणसाला खाऱ्या वाऱ्याचं काय कळतं, असं मला वाटे.

एका सकाळी ओहोटीत लाँच चिखलावर टेकवली होती. भरती यायच्या आत फुटका पाइप जोडायचा होता. मिस्त्री खाली लाँचपाशी होते. मी बाटल्यावर रेग्युलेटर बसवत होतो आणि नट अडकला. मी आट्यांना तेल लावलं. नट लोण्यासारखा फिरला. वरून दिसेल तेवढं तेल पुसून टाकलं.

मिस्त्री आले. "कोरडं पुसलंस ना?"

"व्हय."

नेहमीप्रमाणे ते रेग्युलेटरसमोर न राहता बाजूला उभे राहिले आणि त्यांनी बाटला हळूच उघडला. तरी आवाज झाला आणि ज्वाळेने त्यांचा उजवा हात आणि गाल भाजला. समोर उभे असते तर वाचले नसते.

शेडच्या मालकांना बाहेर खिळ्याला टांगलेल्या मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात बिड्या सापडल्या. "यानं पेटवली होती का?" त्यांनी मला विचारलं.

"मी पाठमोरा होतो," मी म्हणालो.

तेवढं पुरलं. मिस्त्रींची बोटं पुढे वळली नाहीत. ते गावी गेले आणि त्यांची टॉर्च माझ्या हातात आली. त्यानंतर बाटल्याला हात लावण्याआधी मी साबणाने हात धुतले नाहीत असं कधी झालं नाही. पण मिस्त्रींना भेटायला गेलो नाही.

त्यांच्या मुलाचं अलिबागच्या रस्त्यावर ग्रिलचं दुकान आहे. गेल्या वर्षी, मिस्त्री वारल्यावर बऱ्याच काळाने, मी तिथे गेलो. एक म्हातारं गिऱ्हाईक दुकानातून निघताना म्हणालं, "बेतानं रं, बापासारखी बिडी पेटवू नको." मुलगा सवयीने हसला. गिऱ्हाईक समोर चहाला गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "बाबा बाटला उघडू द्यायच्या आधी आमच्या हातांचा वास घ्यायचे. रोज. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ."

म्हणजे तेलाचं त्यांना कळलं होतं. माझं नाव मात्र त्यांनी घरातही घेतलं नव्हतं.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"माझी कशाला मागता, काका? मला बिडीचं कधीच खरं वाटलं न्हवतं. ज्याला वाटतं तो तिकडं चहा पितोय."

मी रस्ता ओलांडून त्या माणसाच्या बाकावर जाऊन बसलो आणि तेल मी लावलं होतं, हे त्याला सांगितलं. चहा पिणारे बाकीचेही ऐकत होते. जे तिथे नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.