तिनं मागे न घेतलेला नियम

पिकलेल्या पेरूंचा वास आला की मला पवनारची धाम नदी दिसते, आणि उन्हानं तापलेल्या काळ्या खडकांवर पेरू खात बसलेले आम्ही कॉलेजातले चौघं. आमचा एक खेळ होता. पाळीपाळीनं प्रत्येकानं नवा नियम मांडायचा, बहुतेकांनी हात वर केले की तो लागू. त्या दुपारी देवळीहून येणारी आमची मैत्रीण म्हणाली, "आता कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाई. अन् हा नियम फक्त मीच मागे घेईन." आमच्यातला एक उखडलाच. "असा नियम चालतच नाई! कोणताही नियम आपण सगळे मिळून बदलू शकतो, हा आपला पह्यला नियम आहे." बोटांवरचं तिखट-मीठ चाटत ती हसली, "मंग घ्या मतं." त्याचा सोडून सगळे हात वर गेले. परतीच्या बसच्या खिडकीतून ती ओरडली, "उद्या पाहू!" दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही, त्याच आठवड्यात तापानं गेली. आम्ही तिघं तिच्या घरी गेलो, तेव्हा तिची आई म्हणाली, "मघापासून ऐकून राह्यली मी. तुम्ही पोरं तिचं नाव काऊन घेत नाई?" सगळ्यात जास्त भांडलेला तोसुद्धा खाली पाहत राहिला. परवा, इतक्या वर्षांनी, त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता मधेच म्हणाला, "तो नियम चूकच होता. मी तवाच सांगतलं होतं." मी म्हटलं, "मंग घे ना तिचं नाव." त्यानं विषयच बदलला, "तिकडं पेरू आले का बाजारात?"