तुर्की फिटरचा फोन

शेंद्र्याच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि ते बसवायला तुर्कस्तानातून एक फिटर आला. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्याकडं पाठ करून फोनवर बोलत राहायचा. मला वाटलं, इथं पाणी मुरतंय. आम्ही हातानं खोक्यांच्या घड्या घालणारे. मशीन चालू झालं की कुणाला काढायचं, ते हाच वरती कळवत असणार.

आधीच्या कारखान्यानं मला असंच एका सकाळी गेटवरून परत पाठवलं होतं. त्यामुळं मी ताकही फुंकून पिणारा. मोबाइलवर व्हिडिओ लावून तुर्की शिकायला लागलो. शाळेत घोकलेल्या विभक्ती कामी आल्या. एव म्हणजे घर. एवदे, घरात. एवदेन, घरातून. आपल्यासारखंच शब्दाला शेपूट. फक्त त्यांचं माझं-तुझंही त्याच शेपटात येतं: एविम, माझं घर, एविमदे, माझ्या घरात. कंपनीच्या बसमध्ये मी पुटपुटत बसायचो. शेजारी बसणारा करमाडचा दोस्त म्हणायचा, "कोणाचं नाव जपायला रे?"

हळूहळू फिटरचं बोलणं कळू लागलं. आन्नेमिन दिझि, माझ्या आईचा गुडघा. रोज तेच. मला इतकं हलकं वाटलं की मी जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं, "त्याच्या आईचा गुडघा दुखतोय. बाकी काही नाय."

कुणी हसलं नाही. दोस्तानं विचारलं, "तुला कसं कळलं?"

"शिकलो."

"कामून? शिकायला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो की बोलणं थांबायचं. मला लई राग आला. ज्यांच्यासाठी कान लावून बसलो, त्यांनाच मी साहेबाचा माणूस वाटत होतो. मग चिडून मी फिटरशीच बोलायला लागलो. आईचा गुडघा कसा आहे, असं विचारल्यावर त्यानं माझा हातच धरला. त्यानंतर पान्हा हवा असला तरी तो मला हाक मारायचा.

मशीन चालू झालं तसं साहेबांनी आत बोलावलं. "तुमचं आणि फिटरचं चांगलं जमतं. मशीनवर तुम्ही थांबा. घड्यांची लाइन बंद करतोय."

मी हो म्हणालो. नाही म्हणायची ऐपत नव्हती.

त्या संध्याकाळी बसमध्ये दोस्त पुढं जाऊन बसला. करमाडला उतरताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाला, "तुला आधीच ठावं होतं, व्हय ना?"

मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली आणि उतरला. त्याच्या जागी मी असतो, तर माझाही विश्वास बसला नसता.