शर्यतीहून परतणारा माणूस

चष्मेवाल्याला गल्लीत सगळे ‘इंजिन’ म्हणत. पन्नाशी उलटली तरी गडी दर रविवारी लांब पळायला जायचा, तेही उपाशीपोटी. रिकाम्या पोटी पळालं की शरीर चरबी जाळायला शिकतं, असं त्याच्या पळणाऱ्या टोळीचं ठाम मत. वाटेत काही खाणं म्हणजे टोळीत नाक कापून घेणं. बायको खिशात मनुका कोंबायची. हा पठ्ठ्या त्या जशाच्या तशा परत आणायचा.

एरवी माणूस लोण्यासारखा मऊ. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवतानाही ‘टोचत नाही ना?’ विचारणारा. पण मोठी शर्यत पळून आला की ओळखू येत नसे. हात थरथरायचे, झोप उडायची, साध्या बोलण्यावर खेकसायचा. मागच्या वर्षी शेवटच्या रेषेपाशी ताटकळलेल्या बायकोला ‘गर्दीत कशाला आलीस?’ म्हणाला. तिला ते फार लागलं. यंदा तिने सांगून टाकलं, “पुन्हा तसेच आलात, तर मी परत कधी तिथे उभी राहणार नाही.”

भाची खेळाडूंची डॉक्टर. ती दुकानात येऊन मामाची शाळाच घेऊ लागली. खूप वेळ पळताना अंगात साठलेली साखर संपत येते. रक्तातली साखर उतरली की शरीराला वाटतं, संकट आलं. मग अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल अशी ताणाची संप्रेरकं चढतात, प्रसंगी स्नायूही मोडीत निघतात. पळतापळता थोडं थोडं गोड पोटात गेलं तर ती एवढी उसळत नाहीत.

“मग चरबी जळायची कशी?” मामाने विचारलं.

“थोडी कमी जळेल. पण सध्या मामी जळतेय, त्याचं काय?”

शर्यतीच्या दिवशी बायको रेषेपाशी उभी होती. टोळीतले सगळे येऊन गेले. त्यांच्याकडून कळलं, की इंजिन वाटेत चक्क केळं खात होतं आणि साखरेचं पाणी पीत होतं. सगळे हसले तरी थांबलं नाही.

बऱ्याच वेळाने तो आला. दमलेला, घामाने निथळणारा, बनियनवर केळ्याचा डाग. गर्दीत त्याने तिला शोधलं आणि सरळ तिच्यापाशी आला.

“सकाळपासून उभी आहेस,” तो म्हणाला, “तू काही खाल्लंस का गं?”

इतक्या शर्यतींनंतर हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. तिला रडू आवरेना.